इंटर्नशिपचे आठवडे कुठे मोजले जातात?

न्यायिक प्रशिक्षणाचा इतिहास म्हटलं की बरेच जण अकादमीच्या स्थापनेची तारीख शोधतात. मी म्हणेन, एकाच खटल्याचे निकाल ओळीने वाचा. खटला 'ऑल इंडिया जजेस असोसिएशन'चा.

कायदा आयोगाने १९८६ साली ११७वा अहवाल खास न्यायिक अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणावर दिला. नोव्हेंबर १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या खटल्यात केंद्रात आणि राज्यांत प्रशिक्षणसंस्था काढायला सांगितलं. राष्ट्रीय न्यायिक अकादमीची नोंदणी १९९३ची. (भोपाळला तिची घडी बसवणारे माधव मेनन हे बंगळुरूच्या लॉ स्कूलचेही संस्थापक, हा काही योगायोग नव्हे.) पण त्याच वर्षी, फेरविचाराच्या निकालात, न्यायाधीश व्हायला तीन वर्षांची वकिली सक्तीची झाली. म्हणजे अकादमीही हवी आणि कोर्टातली उमेदवारीही.

२००२ मध्ये काटा फिरला. तीन वर्षं वकिलीत घालवलेली हुशार मुलं या नोकरीकडे फिरकत नाहीत, म्हणून अट काढली. त्याऐवजी किमान एक, शक्यतो दोन वर्षं प्रशिक्षण द्या, असं सांगितलं. २० मे २०२५ रोजी सरन्यायाधीश गवई यांच्या खंडपीठाने अट परत आणली. कारण, अनुभव नसलेल्या न्यायाधीशांचा बहुतेक उच्च न्यायालयांना आलेला अनुभव चांगला नव्हता.

आता इंटर्न कुठे बसतो ते बघा. बार कौन्सिलच्या २००८च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आठवडे इंटर्नशिप सक्तीची आहे, आणि न्यायसंस्थेतली इंटर्नशिपही त्यात चालते. २०२५च्या निकालात मात्र वकिली तात्पुरत्या सनदेपासून मोजायची. लॉ क्लर्कचा अनुभव धरला, विद्यार्थीदशेतला नाही. एकीकडे अनुभव म्हणून सक्ती, दुसरीकडे त्याची किंमत शून्य! ज्या मुलीला घरून तीन वर्षं पैसे मिळणार नाहीत, तिला हा फरक चांगलाच कळतो. मला तरी प्रबंधाचा खरा विषय इथेच दिसतो.

साधनं? २०२५च्या निकालपत्रात उच्च न्यायालयांची मतं दिली आहेत, तिथून सुरुवात करा. आणि नियमाप्रमाणे प्रत्येक इंटर्नने डायरी ठेवायची असते. त्या डायऱ्या रद्दीत जाण्याआधी आपल्या कॉलेजच्या ऑफिसात एकदा विचारून बघा.