यू-७३ : पाणसुरुंग पेरणारी जर्मन पाणबुडी

पहिल्या महायुद्धातील जर्मन पाणबुड्या म्हटले की पाणतीर डागून जहाजे बुडवणाऱ्या पाणबुड्यांचेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु शत्रूच्या जलमार्गांवर गुपचूप सुरुंग पेरून निघून जाणे, एवढेच मुख्य काम असलेल्या पाणबुड्याही जर्मनीने बांधल्या होत्या. ‘यू-७३’ ही त्यांपैकी सर्वांत परिणामकारक ठरलेल्या पाणबुड्यांमध्ये गणली जाते.

डॅन्झिगच्या शाही गोदीत बांधलेली ही पाणबुडी ऑक्टोबर १९१५ मध्ये नौदलात दाखल झाली. सुमारे ५७ मीटर लांबीच्या या पाणबुडीवर ३२ अधिकारी व नाविक असत. तिच्या पोटात ३४ पाणसुरुंग मावत आणि ते मागील बाजूच्या दोन रुंद नळ्यांतून समुद्रात सोडले जात. सुरुंगाचा नांगर तळाशी बसे आणि साखळदंडाला बांधलेला स्फोटक गोळा पृष्ठभागाच्या थोडा खाली तरंगत राही. त्याच्या शिंगांपैकी एकाला जरी जहाजाचा धक्का लागला, तरी स्फोट होई. वेग मात्र या पाणबुडीचा बेताचाच होता.

एप्रिल १९१६ मध्ये कप्तान गुस्ताव्ह सीस याच्या नेतृत्वाखाली ती भूमध्य समुद्राकडे निघाली. वाटेत पोर्तुगालच्या लिस्बन बंदराबाहेर तिने पेरलेल्या सुरुंगाला तटस्थ नॉर्वेचे एक व्यापारी जहाज बळी पडले. त्यानंतर ब्रिटिश नौदलाचा मोठा तळ असलेल्या माल्टा बेटाजवळ तिने सुरुंग पेरले. २७ एप्रिल रोजी ‘रसेल’ ही ब्रिटिश युद्धनौका त्यांवर आदळून बुडाली व सुमारे १२५ जण मृत्युमुखी पडले. त्याच सुरुंगांनी ‘नॅस्टर्शियम’ ही लहान युद्धनौकाही बुडवली. यू-७३ तोवर ॲड्रियाटिक समुद्रातील कात्तारो या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या तळाच्या वाटेला लागली होती.

तिची सर्वांत मोठी शिकार मात्र ऑक्टोबर १९१६ च्या अखेरीस ग्रीसच्या केआ बेटाजवळच्या खाडीत पेरलेल्या सुरुंगांनी केली. १४ नोव्हेंबरला तेथे ‘बुर्दिगाला’ हे फ्रेंच जहाज बुडाले. २१ नोव्हेंबरच्या सकाळी ८ वाजून १२ मिनिटांनी ‘टायटॅनिक’चे धाकटे भावंड असलेल्या ‘ब्रिटॅनिक’च्या पुढील भागात स्फोट झाला. ४८ हजार टनांहून मोठे हे जहाज रुग्णनौका म्हणून जखमींना आणण्यासाठी लेम्नोस बेटाकडे चालले होते. टायटॅनिकच्या दुर्घटनेनंतर त्याच्या रचनेत अनेक सुधारणा केलेल्या होत्या. तरीही रुग्णकक्षांत हवा खेळावी म्हणून उघड्या ठेवलेल्या खिडक्यांतून पाणी आत शिरले आणि अवघ्या ५५ मिनिटांत ते बुडाले. जहाजावरील हजाराहून अधिक लोकांपैकी ३० जण दगावले. त्यांतील बहुतेक जण आज्ञेविना सोडलेल्या दोन जीवरक्षक होड्या फिरत्या पंख्यांकडे ओढल्या गेल्याने मरण पावले. पहिल्या महायुद्धात बुडालेले हे सर्वांत मोठे जहाज होय.

१९०७ च्या हेग करारानुसार रुग्णनौकांवर हल्ला करणे निषिद्ध होते. त्यामुळे ब्रिटॅनिक पाणतीराने बुडवली की सुरुंगाने, हा वाद पुढे दीर्घकाळ चालला. फ्रेंच सागर-संशोधक जाक कुस्तो यांनी १९७५ मध्ये तिचे अवशेष शोधून काढले. २००३ मधील मोहिमेत जवळच सुरुंगांचे नांगर आढळल्याने सुरुंगाच्या बाजूस बळकटी मिळाली. पाणतीर डागणाऱ्याला निदान समोरचे जहाज दिसते. पेरलेल्या सुरुंगाला मात्र युद्धनौका, तटस्थ व्यापारी जहाज आणि रुग्णनौका यांतील भेद कळत नाही. यू-७३ च्या कारकिर्दीत या तिन्ही प्रकारची जहाजे बळी पडली.

सीस १९१७ मध्ये दुसऱ्या पाणबुडीवर गेला आणि १९१८ मध्ये त्याला ‘पूर ल मेरित’ हा प्रशियाचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला. यू-७३ ला अखेरपर्यंत शत्रू बुडवू शकला नाही. ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य कोसळू लागल्यावर ३० ऑक्टोबर १९१८ रोजी पोला, म्हणजे आजच्या क्रोएशियातील पुला, येथे ती शत्रूच्या हाती पडू नये म्हणून जर्मनांनी स्वतःच बुडवली.