सिद्ध कोणी करायचं? महिला खेळाडूंच्या लिंगचाचणीची साठ वर्षं

२०१३ च्या जुलैमध्ये पुण्याला बालेवाडीत आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा झाल्या. महिलांच्या २०० मीटर शर्यतीत ओडिशातल्या विणकर कुटुंबातली सतरा वर्षांची दुती चंद तिसरी आली. तुमच्यापैकी काही जण तेव्हा स्टेडियममध्ये असतीलही. पुढच्याच वर्षी, ग्लासगोची राष्ट्रकुल स्पर्धा तोंडावर आलेली असताना तिचं नाव भारतीय संघातून काढलं गेलं. तिच्यावर काही घेतल्याचा आरोप नव्हता. तिच्या शरीरात आपसूक तयार होणारं टेस्टोस्टेरॉन नियमात बसत नव्हतं, एवढंच. (२०२३ मध्ये तिच्यावर उत्तेजकांबद्दल बंदी आली, ते प्रकरण निराळं. दोन्हींची गल्लत करू नये.)

आज आपल्याला बघायचं आहे ते असं, की ‘तू बाई आहेस हे सिद्ध कर’ असं म्हणण्याचा अधिकार खेळाच्या संस्थांना मिळाला कसा, आणि ‘आधी तुम्ही तुमचा नियम सिद्ध करा’ असं उलट कोणी, केव्हा विचारलं.

सुरुवात शीतयुद्धात होते. पूर्वेकडचे देश पुरुषांना बायकांच्या शर्यतीत उतरवतात, अशी कुजबुज होती. म्हणून १९६६ ला बुडापेस्टच्या युरोपीय स्पर्धेत महिला खेळाडूंना कपडे उतरवून डॉक्टरांसमोर उभं केलं गेलं. पोलंडची एवा क्लोबुकोव्स्का, टोकियो ऑलिंपिकच्या रिले शर्यतीतली सुवर्णविजेती, ही पाहणी पास झाली. दुसऱ्या वर्षी कीवमध्ये गुणसूत्रांची चाचणी आली, तेव्हा तीच नापास! शरीर तेच, बाई तीच, फक्त मोजपट्टी बदलली. आमच्या मते या सगळ्या इतिहासाची गोम इथेच आहे. १९६८ पासून ऑलिंपिकमध्येही गुणसूत्रं तपासायला लागले. पास झालेल्या बाईला प्रमाणपत्र मिळायचं, ते प्रत्येक स्पर्धेला बरोबर न्यायचं.

ते प्रमाणपत्र स्पेनची मारिया होसे मार्तिनेस पातिन्यो १९८५ मध्ये कोबेला जाताना घरी विसरली. ती अडथळ्यांच्या शर्यतीची धावपटू. पुन्हा चाचणी झाली आणि निघाली एक्सवाय गुणसूत्रं. तिला दुखापतीचं सोंग करून गप्प बसायला सांगितलं गेलं. काही महिन्यांनी राष्ट्रीय स्पर्धेतही तेच सुचवलं, पण ती धावली, जिंकली, आणि बातमी वर्तमानपत्रांत फुटली. शिष्यवृत्ती गेली, खेळाडूंच्या वसतिगृहातली जागा गेली, विक्रम पुसले गेले, ठरलेलं लग्न मोडलं. आणि वैद्यकशास्त्र काय सांगत होतं? तिचं शरीर टेस्टोस्टेरॉनला प्रतिसादच देत नव्हतं. म्हणजे ज्या फायद्याच्या संशयावरून तिला बाहेर काढलं, तो फायदा तिला मिळणंच अशक्य होतं. फिनलंडचे जनुकशास्त्रज्ञ आल्बर्ट द ला शापेल तिच्या बाजूने उभे राहिले. १९८८ मध्ये तिला परत घेतलं, पण तोवर उमेदीची वर्षं हातची गेली होती.

आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाने १९९२ मध्ये सरसकट चाचणी सोडली. ऑलिंपिकवाल्यांनी धरून ठेवली, फक्त नवं तंत्र आणलं. पुरुषी शरीर घडवण्याची सुरुवात करणारं एसआरवाय हे जनुक ते शोधू लागले. १९९६ ला अटलांटात ३३८७ महिला तपासल्या, ८ जणींचा निकाल ‘सकारात्मक’ आला, आणि आठही जणींना खेळू दिलं! सोंग घेतलेला पुरुष एकही नव्हता. १९९९ मध्ये ही चाचणीही बंद झाली. हे जनुक लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

सरसकट चाचणी गेली, संशयावरून चाचणी मात्र राहिली. संशय कोणाचा? बहुतेक वेळा दिसण्यावरून येणारा. २००६ मध्ये दोहाला ८०० मीटरमध्ये रौप्य मिळवणाऱ्या तमिळनाडूच्या शांती सौंदराजनचं पदक असंच काढून घेतलं गेलं. तिची बाजू लवादापुढे कधी मांडलीच गेली नाही. २००९ ला बर्लिनमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या कॅस्टर सेमेन्याची जगभर चर्चा झाली, आणि २०११ मध्ये लेखी नियम आला: टेस्टोस्टेरॉन लिटरमागे १० नॅनोमोलच्या खाली हवं. ते औषधाने किंवा शस्त्रक्रियेने उतरवा, नाहीतर शरीराला त्याचा उपयोग होत नाही हे दाखवा. विकसनशील देशांतल्या चार तरुण खेळाडूंवर फ्रान्समध्ये शस्त्रक्रिया झाल्याचं २०१३ मध्ये डॉक्टरांनीच लिहिलं. तब्येतीसाठी तिची गरज नव्हती, हेही त्यांनीच नमूद केलं.

दुतीने नकार दिला. ती स्वित्झर्लंडला लोझानच्या क्रीडा लवादाकडे गेली. जुलै २०१५ चा तो निकाल आम्ही या विषयातला सर्वांत महत्त्वाचा कागद मानतो. लवाद म्हणाला, नियम उघड भेदभाव करतो, तेव्हा तो योग्य आहे हे महासंघाने सिद्ध करायचं. अव्वल पुरुष आणि अव्वल महिला यांच्या कामगिरीत साधारण १० ते १२ टक्क्यांचा फरक असतो. अशा बायकांना मिळणारा फायदा त्याच्या जवळपास जातो का? पुरावा नव्हता. नियम स्थगित झाला आणि महासंघाला दोन वर्षांची मुदत मिळाली. आधी नियम, मग पुरावा: वरातीमागून घोडं!

घोडं आलं ते २०१७ मध्ये. महासंघाशी संबंधित संशोधकांच्या अभ्यासात ४०० व ८०० मीटर, ४०० मीटर अडथळा, हातोडाफेक आणि बांबूउडी या प्रकारांत जास्त टेस्टोस्टेरॉनवाल्या महिला सरस दिसल्या. हातोडाफेकीत फरक सर्वांत मोठा, ४.५३ टक्के. ८०० मीटरमध्ये १.७८. पण २०१८ चा नियम लागू झाला फक्त ४०० मीटर ते एक मैल या शर्यतींना. हातोडा आणि बांबू वगळले, आणि ज्यांत फरक दिसला नव्हता ती १५०० मीटर घेतली. दुतीच्या शर्यती बाहेर राहिल्या, तिने जकार्ता आशियाई स्पर्धेत दोन रौप्यं मिळवली. सेमेन्याची ८०० मीटर आत अडकली. २०१९ मध्ये लवादाने दोन विरुद्ध एक मतांनी तिचा अर्ज फेटाळला: नियम भेदभाव करतो, पण तो आवश्यक आहे. दोन वर्षांनी त्याच संशोधकांनी दुरुस्ती छापली, की आमचे निष्कर्ष प्राथमिक स्वरूपाचे समजावेत.

महिलांचा वेगळा गट हवा आणि त्याला सीमा लागणार, याबद्दल आमचा वाद नाही. पारलिंगी महिलांचा, म्हणजे पुरुषी वयात येणं अनुभवून नंतर स्त्री म्हणून जगणाऱ्यांचा प्रश्नही खराच आहे. मार्च २०२३ मध्ये महासंघाने त्यांना महिला गटातून वगळलं. पण दुती, शांती, पातिन्यो जन्मापासून मुली म्हणूनच वाढल्या. दोन्ही प्रश्न एकाच पिशवीत कोंबले, की संशयाची धार नेमकी यांच्यावर येते.

आणि ते जनुक? १ सप्टेंबर २०२५ पासून महासंघाने एसआरवाय चाचणी पुन्हा आणली, जागतिक दर्जाच्या स्पर्धांत महिला गटात उतरणाऱ्या प्रत्येकीसाठी, आयुष्यात एकदा. गालाच्या आतून बोळा फिरवायचा किंवा रक्त द्यायचं. पातिन्योसारखं शरीर असलेल्यांना यातून सूट आहे. पण ती मिळवायची तर आपलं शरीर तसं आहे हे दाखवायचं काम पुन्हा त्या बाईचंच. १९९० मध्ये हे जनुक शोधणाऱ्या चमूचे अँड्र्यू सिंक्लेअर यांनी जाहीरपणे लिहिलं, की जनुक आहे की नाही एवढंच ही चाचणी सांगते, ते शरीरात काम कसं करतं हे सांगत नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.