आजारी माता आणि तिचें तान्हें

मातेस मोठें दुखणें जडलें कीं तान्ह्यास तिच्यापासून दूर न्यावें, हा विचार वरवर पाहतां शहाणपणाचा वाटतो. गेल्या सव्वाशे वर्षांचा अनुभव मात्र निराळीच साक्ष देतो.

पूर्वीं धाराशिव, तुळजापूर, परंडा या भागांत बाळंतपण बहुधा घरींच होई. बाळंतिणीची खोली काळोखी असे, शेगडीचा धूर आंत कोंडे, नाळ कापण्याचें हत्यार क्वचितच उकळलेलें असे. पहिला चीक टाकून देऊन बाळास मध किंवा गुळाचें पाणी चाटवीत. असल्या चालींनीं अनेक जीव गेले. तथापि त्या खोलींत एक गोष्ट निःसंशय हिताची होती : मायलेकरें एकाच बाजेवर असत.

पुढें रुग्णालयें वाढलीं. त्यांबरोबर स्वच्छता आली, तशी नवजातांची निराळी खोलीही आली. संसर्ग टाळण्याचा हेतु चांगला होता. परंतु दूध हें मागणीप्रमाणें उतरतें. बाळ ओढील तसें तें वाढतें, आणि बाळ दूर गेलें म्हणजे आटूं लागतें. पॅरिसचे डॉक्टर पियेर ब्यूदँ यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणखी एक गोष्ट पाहिली. दुबळीं बालकें उबदार पेटींत ठेवून मातांना दूर केलें, तर पुष्कळ माता पुढें मुलाविषयीं उदासीन होत. म्हणून मातांना जवळच ठेवावें, असा आग्रह त्यांनीं धरला.

मुंबईंत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनीं आजारी नवजातांसाठीं वरच्या दुधाऐवजीं मातेच्या दुधाची कांस धरली. १९८९ सालीं तेथें आशियांतील पहिली मातृदुग्धपेढी निघाली. ज्या मातेस दुखण्यामुळें पाजणें अशक्य, तिच्या बाळास दुसऱ्या मातेचें तपासून निर्जंतुक केलेलें दूध मिळण्याची सोय झाली.

खरी कसोटी २०२० सालच्या कोविडच्या साथींत लागली. चीनमधील तज्ज्ञांनीं बाधित मातेपासून बाळास निदान १४ दिवस दूर ठेवण्यास सांगितलें. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनेंही प्रथम तात्पुरती ताटातूट सुचविली. पण जुलैमध्यें तें मत बदललें. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा होता कीं, मातेनें हात धुवावे, मुखपट्टी बांधावी आणि बाळास पाजावें. मुंबईचें नायर रुग्णालय त्या एप्रिलपासून कोविडच्या रुग्णांसाठीं राखलें गेलें. तेथें शेंकडों बाधित स्त्रिया बाळंत झाल्या, आणि मुखपट्टी बांधून मातांनीं बाळांना पाजलें.

यामागील कारण सोपें आहे. रोगाशीं झुंजतांना मातेच्या शरीरांत जीं प्रतिद्रव्यें तयार होतात, तीं दुधावाटे बाळास पोंचतात. क्षयाच्या बाबतींतही मातेचे उपचार नीट चालू ठेवून, बाळास प्रतिबंधक औषध देऊन अंगावर पाजतां येतें.

अपवाद आहेतच. कर्करोगावरील कित्येक औषधें दुधांत उतरतात. कधीं माता शुद्धीवरच नसते. अशा वेळीं निर्णय डॉक्टरांचा. परंतु साधें अशक्तपण असेल, तर पिळलेलें दूध वाटी-चमच्यानें देतां येतें, आणि पिळणें चालू राहिलें म्हणजे दूधही टिकतें. घरांतील वडीलधाऱ्यांनीं बाळास उचलून नेण्यापूर्वीं डॉक्टरांना एवढेंच विचारावें : दोघांना एकत्र ठेवण्यासाठीं काय करावें लागेल? जुन्या बाजेवरचा तो शेजार आज स्वच्छतेसह आणि औषधासह लाभूं शकतो.