कावसजीचं नाक आणि संत्र्याची साल

मराठीत नाकाला जेवढा मान आहे तेवढा दुसऱ्या कुठल्या अवयवाला असेल असं मला वाटत नाही. नाक मुठीत धरून जावं लागतं, नाक घासावं लागतं, कुणी नाकाने कांदे सोलतं, कुणाच्या नाकावर माशी बसत नाही. यातल्या एकाचाही श्वास घेण्याशी किंवा वास येण्याशी संबंध नाही. सगळा मामला इज्जतीचा! आणि 'नाक कापणं' तर नुसतं बोलण्यापुरतं नव्हतंच. शिक्षा म्हणून, सूड म्हणून, शत्रूच्या माणसाला कायमची खूण करून परत पाठवायची म्हणून खरोखर नाकं कापायचे.

मी मूळची भिंगारची. भिंगार म्हणजे नगरच्या किल्ल्याजवळचं, छावणीला चिकटलेलं गाव (२०२४ पासून सरकारी कागदांवर अहिल्यानगर, पण एसटीत कंडक्टरसमोर तोंडात 'नगर'च येतं). आमच्याकडे इतिहास म्हटलं की औरंगजेब १७०७ साली इथे गेला, वेलस्लीने १८०३ साली किल्ला घेतला आणि १९४२ साली नेहरूंना त्याच किल्ल्यात ठेवलं. बादशहा, जनरल, भावी पंतप्रधान. संपला इतिहास. पण छावणीजवळ वाढलं की एक गोष्ट आपोआप कळते, की लष्कर म्हणजे नुसते शिपाई नव्हेत. धोबी, न्हावी, आचारी, दुकानदार असं सगळं गावच पलटणीबरोबर चालत असतं. अठराव्या शतकात तर या गावातला सगळ्यात गरजेचा माणूस म्हणजे बैल हाकणारा. तो नसेल तर ना तोफ हलायची, ना तांदूळ.

आजची गोष्ट अशाच एका बैलवाल्याची आहे. तो भिंगारचा नाही. पण भिंगारहून सव्वाशे किलोमीटरवर, पुण्याजवळ, त्याच्या चेहऱ्यावर जे काम झालं ते लंडनमध्ये छापून आलं आणि युरोपातल्या सर्जन मंडळींची झोप उडाली.

त्याचं नाव इंग्रजी छापील मजकुरात 'कावसजी' असं येतं. वाचून पारशी वाटतो, पण त्याच मजकुरात तो शेतकरी जातीचा मराठा असल्याचं स्पष्ट म्हटलंय. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकायचा. टिपूविरुद्धच्या तिसऱ्या म्हैसूर युद्धात (१७९०-९२) पकडला गेला. टिपूच्या लोकांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. त्याच अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. कंपनीने पेन्शन दिली. वर्षाहून जास्त काळ तो बिननाकाचा राहिला. विचार करा, हात गेला तर माणूस 'लढाईत गेला' म्हणून सांगू शकतो. नाक नसलेला माणूस मात्र गावात शिरला की लोक आधी गुन्हा शोधणार, मग गोष्ट ऐकणार.

मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. हा माणूस वैद्य नव्हता, तर विटा पाडणाऱ्यांच्या जातीतला होता, म्हणजे आपल्या भाषेत कुंभार. थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. त्या वेळी पुण्यात असलेल्या जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचं चित्र काढलं. (शनिवारवाड्यातल्या दरबाराच्या चित्राची तयारी करणारा वेल्स तो हाच.) ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासकट हे सगळं वर्णन छापून आलं.

पद्धत वाचली तेव्हा मी खरंच खुर्चीत सरळ होऊन बसले. आधी मेणाचा एक पातळ पत्रा उरलेल्या नाकावर बसवून नाकाचा आकार द्यायचा. मग तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ मारायची. हा झाला टेम्प्लेट. त्या रेघेवरून कपाळाचं कातडं सोडवायचं, पण सगळं नाही. दोन डोळ्यांच्या मधे एक अरुंद पट्टी जोडलेली ठेवायची. जुन्या नाकाच्या खुंटाची बरी झालेली कड पुन्हा कापून ताजी करायची, कपाळाचं कातडं त्या पट्टीवर अर्धं फिरवून खाली आणायचं आणि केलेल्या खाचेत बसवायचं. टाके नाहीत. काथ पाण्यात भिजवून (हो, तोच, पानाला लावायचा!) कापडाच्या पट्ट्यांना लावायचा आणि अशा पाच-सहा पट्ट्या सांध्यावर एकावर एक चिकटवायच्या. चार दिवस हात लावायचा नाही. मग पट्ट्या काढून तुपात भिजवलेलं कापड. सुरुवातीचे पाच-सहा दिवस पेशंटने उताणं झोपायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे, म्हणजे त्या बुजत नाहीत. आणि साधारण पंचविसाव्या दिवशी ती मधली पट्टी कापायची.

ती पट्टी म्हणजे या सगळ्यातली खरी अक्कल. तिच्यातून कपाळाचं रक्त नव्या नाकाला मिळत राहतं. खालून नव्या जागी रक्तवाहिन्या जोडल्या गेल्या की मगच जुनं कनेक्शन तोडायचं. चालू सर्व्हर दुसऱ्या मशीनवर हलवताना आपण रात्री दोन वाजता हेच करत असतो. नवीन लाइन उभी राहिल्याशिवाय जुनी काढायची नाही. फरक इतकाच की इथे रोलबॅक नाही :-)

लोक लगेच म्हणतात, 'हे तर सुश्रुताचं.' आहे आणि नाहीही. सुश्रुतसंहितेत नाक जोडायची कृती आहे, पण तिथे माप झाडाच्या पानाने घेतात, कातडं गालाचं घेतात आणि श्वासासाठी नाकात नळ्या घालतात. पुण्याच्या कुंभाराकडे मेण होतं आणि कपाळ होतं. म्हणजे मधल्या शतकांत कुणीतरी, बहुधा पोथी न वाचता, गालावरून कपाळावर गेलं. हा बदल साधा नाही, कारण आजही नाकाचा मोठा भाग गेला की सर्जन कपाळाचंच कातडं वापरतात. पण पोथीवाल्या सुश्रुताचे पुतळे आहेत. कुंभाराचं नावसुद्धा नाही. पेशंटचं नाव आहे, साक्षीदार डॉक्टरांचं आहे, चित्रकाराचं आहे. ज्याने काम केलं त्याची फक्त जात लिहिली आहे. कमिट लॉगमध्ये रिव्ह्यूअर सगळे आहेत आणि ऑथर रिकामा, असा प्रकार. मला याचा राग येतो.

लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने हे वर्णन मनावर घेतलं. तो वर्षानुवर्षं मृतदेहांवर सराव करत राहिला आणि २३ ऑक्टोबर १८१४ ला एका लष्करी अधिकाऱ्यावर प्रत्यक्ष शस्त्रक्रिया केली. भूल द्यायचं इथर यायला अजून बत्तीस वर्षं होती. म्हणजे कपाळ सोलायचं काम पूर्ण शुद्धीत. ते यशस्वी झालं. १८१६ साली त्याचं पुस्तक आलं, मग जर्मनीत ग्रेफेने १८१८ साली 'ऱ्हायनोप्लास्टिक' लिहिलं आणि गाडी सुटली.

पुढे रुळ बदलले. १८८७ मध्ये अमेरिकेत जॉन रो या डॉक्टरने बसकं नाक 'सुधारायची' शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. १८९८ मध्ये बर्लिनमध्ये जॅक्स जोसेफने एकाचं मोठं नाक लहान करून दिलं. ही नाकं कुणी कापली नव्हती. धडधाकट होती, फक्त नकोशी होती. मी याला नावं ठेवणार नाही. नाकावरून आयुष्यभर चिडवलं गेलेल्या माणसाचं दुःख खोटं नसतं. पण इथून एक नवा प्रश्न आला: जखम दिसत नसेल, तर इलाज कशावर करतोय हे ठरवायचं कुणी?

हा प्रश्न मला पडायचं कारण माझी मामेबहीण. डिसेंबरात तिचं लग्न आहे. परवा तिने मला एक पॅकेजचा फोटो पाठवला. आठ सिटिंग, बेचाळीस हजार, मांड्यांवरचं 'सेल्युलाइट' घालवून देणार. फोन केला तर म्हणाली, "ताई, आईला सांगू नकोस. आरडी मोडणार आहे. तू जरा वाचून सांग ना, खरंच जातं का?" मी विचारलं, "अगं, पण तुला हे आहे असं सांगितलं कुणी?" तर म्हणाली, "तिथल्याच मॅडमनी. मी फेशियलला गेले होते."

सेल्युलाइटला मला माहीत असलेल्या मराठीत शब्दच नाही. आजीला सुरकुत्या माहीत होत्या, वांग माहीत होते, भेगा माहीत होत्या. मांडीवरच्या खळ्यांना तिच्याकडे नाव नव्हतं, म्हणजे त्यांची लाजही नव्हती. नाव आलं फ्रान्समधून. एकोणिसाव्या शतकात हा शब्द तिथल्या वैद्यकीय कोशात होता, पण अर्थ होता ऊतींचा दाह, सूज. १९२० च्या दशकात डॉक्टर तो बायकांच्या मांड्यांना लावू लागले आणि पुढच्या दशकात तो सौंदर्य-मासिकांत गेला. संत्र्याच्या सालीची उपमाही फ्रेंचच. १९६८ मध्ये 'व्होग'ने तो अमेरिकेत नेला, आणि १९७३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ब्यूटी सलून चालवणाऱ्या निकोल रोन्सार्डच्या पुस्तकाने घरोघरी. वयात आलेल्या स्त्रियांपैकी ८० ते ९० टक्के जणींना हे कमीजास्त असतंच. बारीक असोत की जाड. १९७८ मध्ये न्यूर्नबर्गर आणि म्यूलर या दोघांनी कातडीचे नमुने तपासून याची रचना दाखवली, आणि आपल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच त्याला 'शोधून काढलेला आजार' म्हटलं. म्हणजे कावसजीच्या बाबतीत आधी जखम आली, मग इलाज. इथे क्रम उलटा.

रचना समजायला पिंजाऱ्याने केलेली गादी आठवा. कापूस हलू नये म्हणून वरून खाली दोरा टाचलेला असतो, आणि जिथे टाका तिथे खळगा. कातडीखालीही तसेच तंतू असतात. स्त्रियांमध्ये ते बरेचसे उभे, सरळ खाली जाणारे, त्यामुळे मधली चरबी वर फुगते. पुरुषांमध्ये ते तिरपे, जाळीसारखे, म्हणून खळगे दिसत नाहीत. मग क्रीम लावून किंवा मशीनने मसाज करून काय होतं? थोडी सूज, थोडा ताण, काही दिवस बरं दिसतं. लायपोसक्शन? ते १९७० च्या दशकात इटलीत फिशर बापलेकांनी आणि मग फ्रान्समध्ये इलूझने आणलं, आणि ते कापूस काढतं. टाके तिथेच राहतात, उलट कधी खळगे जास्तच दिसतात.

टाके कापायचा मार्गही आहे. ब्राझीलच्या हेक्सेल आणि मझुको यांनी २००० मध्ये सुईने ते तंतू आतून कापायची पद्धत मांडली. बऱ्याच जणींना फरक पडतो, पण काळेनिळे डाग पडतात, आणि ते काम डॉक्टरचं आहे, फेशियलच्या खुर्चीतलं नाही. तंतू विरघळवणाऱ्या एका इंजेक्शनला अमेरिकेत जुलै २०२० मध्ये मान्यता मिळाली. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीनेच ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. कारण रक्त साकळणं आणि कातडीवर दीर्घकाळ राहणारे डाग. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर तर साध्या मुरमाचा डाग वर्षभर जात नाही.

बहिणीला हे सगळं सांगितलं. नको करूस असं म्हणाले नाही. तिचे पैसे, तिची मांडी. फक्त म्हटलं, त्यांना एवढं विचार की तुम्ही कापूस काढणार आहात की टाके कापणार आहात, आणि हातात सुई कुणाच्या असेल.

"ताई, गादीचं उदाहरण देऊ त्यांना?"

"दे की."

तिने खरंच विचारलं. पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, एकदा कन्सल्टेशनला या ना, समजावून सांगतो. आणि या आठवड्यात बुक केलंत तर दोन सिटिंग फ्री." आरडी अजून मोडलेली नाही. कन्सल्टेशनला मी बरोबर यावं असं तिचं म्हणणं आहे, म्हणून पुढच्या शनिवारी नगरला चाललेय.