राजमान्य मिरची

राज्याचे चिन्ह म्हटले की डोळ्यांपुढे झेंडा येतो, मुद्रा येते, फार तर एखादा पक्षी नि एखादे फूल. आपल्या महाराष्ट्राचा हरियाल आणि तामण आपणांस ठाऊकच आहेत. पण हा मान ताटातल्या पदार्थाला मिळाला तर? अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याच्या विधिमंडळाने १९६५ साली मिरची आणि घेवडा यांना राज्याच्या भाज्या म्हणून मान्यता दिली. हा घेवडा म्हणजे तिकडचा पिंटो, आपल्या राजम्याचा ठिपकेदार भाऊ. वनस्पतिशास्त्र म्हणते, मिरची हे फळ आणि घेवडा हे कडधान्य. विधिमंडळाने मात्र स्वयंपाकघराचा निवाडा मान्य केला!

यामागे मोठा इतिहास आहे. घेवडा तेथील मूळ रहिवासी फार पूर्वीपासून पिकवीत. १५९८ साली स्पॅनिश लोक तेथे वसाहत करून राहिले आणि त्यांच्या अमदानीत मिरची रुजली. पुढे १८४८ च्या तहाने हा मुलूख मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला. पण राज्याचा दर्जा मिळायला १९१२ साल उजाडले. इथली माणसे स्पॅनिश बोलतात, ही खरी अमेरिकन कशी, असा संशय वॉशिंग्टनमधील पुष्कळांच्या मनात होता. त्याच माणसांच्या चुलीवरचे अन्न पुढे राज्याचे भूषण ठरले, हे ध्यानात घ्या.

या मिरचीला बाजार मिळवून दिला फाबियान गार्सिया यांनी. मेक्सिकोत जन्मलेले हे पोरके मूल आजीचे बोट धरून इकडे आले, शेतकी महाविद्यालयात शिकले आणि तेथेच संशोधक झाले. तेव्हा एकाच शेतातली एक मिरची जहाल, तर दुसरी मिळमिळीत निघे. व्यापाऱ्याने भाव ठरवावा कसा? गार्सियांनी वर्षानुवर्षे निवड आणि संकर करून १९२१ साली ‘न्यू मेक्सिको नंबर ९’ हे वाण दिले. त्याची फळे एकसारखी, मांसल नि बेताची तिखट होती. १९४८ साली ते वारले, तेव्हा त्यांची मिळकत गरीब विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी महाविद्यालयाला मिळाली.

तेथील खाणावळीत आजही विचारतात, “लाल की हिरवी?” हिरवी तोडून भाजतात, तीच झाडावर पिकू दिली की लाल होते, मग तिच्या माळा करून वाळवतात. या प्रश्नालाही राज्याने अधिकृत प्रश्नाचा मान दिला आहे.

परंतु नुसत्या मानाने शेत पिकत नाही. १९९२ साली तेथे सुमारे ३४,५०० एकरांवर मिरची होती. पुढे ती दहा हजार एकरांच्याही खाली आली. तोडणीला मजूर मिळेनात, पाणी कमी पडले, बाहेरून स्वस्त माल आला. म्हणून २०११ साली कायदा झाला, की जी मिरची त्या राज्यात पिकली नाही, ती त्या राज्याच्या नावाने विकू नये.

मिरची आपल्याकडेही पोर्तुगिजांबरोबर अमेरिकेतूनच आली, आणि आज भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना एक काम सांगा: आपल्या गावच्या मिरचीचे नाव काय, तिचे बी कोण राखते आणि दहा वर्षांपूर्वी ती किती शेतांत होती, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहून आणा. मानाचा कागद कधी मिळेल तो मिळो. बी मात्र यंदाच्या पेरणीला घरात असले पाहिजे.