ज्येष्ठांसाठी घर सुरक्षित करताना : कशेळीतील रहिवाशांना मिळू शकणारी आर्थिक मदत

ठाण्याहून जुन्या आग्रा रस्त्याने खाडीपूल ओलांडला की भिवंडी तालुक्यातील कशेळी लागते. रस्त्यालगत गोदामे, आत जुने गाव आणि त्याला लागून उभ्या राहिलेल्या नव्या इमारती, असे या गावाचे आजचे रूप आहे. जुन्या घरांना उंच ओटा व उंबरठा असतो. इमारतींमध्ये गुळगुळीत फरशीचे न्हाणीघर आणि लिफ्टपर्यंत पोचण्याआधी चढाव्या लागणाऱ्या चार पायऱ्या असतात. उमेदीच्या वयात या गोष्टी लक्षातही येत नाहीत. सत्तरीनंतर मात्र त्याच माणसाला घरात अडकवून ठेवतात किंवा पाडतात. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठीपुढील नागरिकांचे प्रमाण ९.९ टक्के होते. त्यामुळे हा प्रश्न आता मोजक्या घरांपुरता राहिलेला नाही.

घरात असे बदल करण्यासाठी अनुदान मिळते का, याचे प्रामाणिक उत्तर असे की सर्व ज्येष्ठांना लागू होईल असे स्वतंत्र अनुदान आपल्याकडे नाही. मदत आहे, पण ती वेगवेगळ्या योजनांत, कायद्यांत व कर्जप्रकारांत विखुरलेली आहे. आपली गरज कोणती, हे ठरवूनच त्या त्या दारी जावे लागते.

आधी गरज, मग खर्च

न्हाणीघर व शौचालयात भिंतीला पक्के बसवलेले आधारदांडे, न घसरणारी फरशी, पलंगापासून शौचालयापर्यंत रात्रीचा दिवा आणि पायऱ्यांना कठडा ही कामे सर्वप्रथम करावीत. ती तुलनेने कमी खर्चाची असल्याने त्यांसाठी कर्ज काढण्याची गरज सहसा पडत नाही.

उताराचे गणित मात्र आधी करावे. चाकाच्या खुर्चीसाठी १:१२ हे प्रमाण सर्वसाधारणपणे मानले जाते. म्हणजे दोन फूट उंचीच्या ओट्याला चोवीस फूट लांबीचा उतार लागतो. गावातल्या अरुंद गल्लीत तेवढी जागा नसेल, तर घाईने केलेला उभा उतार पायऱ्यांपेक्षाही धोकादायक ठरतो. तेथे पायऱ्यांची उंची कमी करून दोन्ही बाजूंना कठडा लावणे श्रेयस्कर.

साधनांसाठी शासकीय योजना

मुख्यमंत्री वयोश्री योजना : राज्य शासनाने २०२४ मध्ये जाहीर केलेली ही योजना ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि कौटुंबिक वार्षिक उत्पन्न दोन लाख रुपयांपर्यंत असलेल्या ज्येष्ठांसाठी आहे. चष्मा, श्रवणयंत्र, ट्रायपॉड काठी, फोल्डिंग वॉकर, व्हीलचेअर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी तीन हजार रुपये एकरकमी थेट बँक खात्यात जमा होतात. घराच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने यातील कमोड खुर्ची व वॉकर विशेष उपयोगी आहेत. अर्ज स्वीकारणे सुरू आहे का, याची खात्री ठाण्याच्या समाजकल्याण कार्यालयात करून घ्यावी.

राष्ट्रीय वयोश्री योजना : केंद्र शासनाची ही योजना २०१७ मध्ये सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालील अथवा मासिक उत्पन्न १५ हजार रुपयांपर्यंत असलेल्या, वयोमानानुसार अपंगत्व वा दुर्बलता आलेल्या ज्येष्ठांना शिबिरात तपासून साधने विनामूल्य दिली जातात. साधने पुरवण्याचे काम ‘अलिम्को’ या केंद्रीय उपक्रमाकडे आहे.

ग्रामपंचायतीचा निधी

महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणावर खर्च करणे अपेक्षित आहे. पक्षाघात, सांध्यांचे विकार किंवा दृष्टिदोष यांमुळे ४० टक्के वा त्याहून अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळालेल्या ज्येष्ठांनी या निधीसाठी लेखी अर्ज द्यावा. पाय उचलत नाहीत तरी ‘वयामुळे होते’ म्हणून अनेकजण तपासणीच करून घेत नाहीत आणि हक्काच्या मदतीला मुकतात.

स्वतःच्या घरावर मिळणारे कर्ज

मोठ्या दुरुस्तीसाठी ‘रिव्हर्स मॉर्गेज’ हा पर्याय २००७-०८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मांडला गेला. वय ६० च्या पुढे असलेला घरमालक घर तारण ठेवतो आणि बँक त्याला ठरावीक काळाने रक्कम देते. घराचे नूतनीकरण हे या कर्जाचे एक मान्य कारण आहे. कर्जदार व त्याचा जोडीदार हयात असून त्या घरात राहत असेपर्यंत परतफेड करावी लागत नाही. पुढे वारस कर्ज फेडून घर सोडवू शकतात. अन्यथा घर विकून बँक आपली रक्कम वळती करते व उरलेली वारसांना देते. मिळणारी रक्कम उत्पन्न मानली जात नाही, म्हणून तिच्यावर प्राप्तिकर लागत नाही. मात्र व्याज वर्षानुवर्षे साठत जाते, हे विसरू नये.

कशेळीत या कर्जाची खरी कसोटी कागदपत्रांवर लागते. घर स्वसंपादित आणि निर्वेध मालकीचे असावे लागते. त्यामुळे भावाभावांत सामाईक असलेले वडिलोपार्जित घर त्यात बसत नाही. इमारतीतील सदनिका असेल, तर बांधकाम परवानगी पाहिली जाते. भिवंडीभोवतीच्या ६० गावांसाठी २००७ पासून एमएमआरडीए हे विशेष नियोजन प्राधिकरण असून कशेळीचा त्यांत समावेश आहे. सदनिका घेतानाच हे कागद पाहिलेले नसतील, तर म्हातारपणी तीच सदनिका तारण म्हणून नाकारली जाऊ शकते.

घरदुरुस्तीचे साधे कर्ज कमावत्या मुलाच्या वा मुलीच्या नावाची जोड देऊन घेता येते. जुन्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या दुरुस्ती कर्जावरील व्याजाची वर्षाला ३० हजार रुपयांपर्यंत वजावट मिळते.

सोसायटीची जबाबदारी

प्रवेशद्वाराचा उतार, जिन्याचा कठडा, लिफ्ट ही कामे एकट्या रहिवाशाची नाहीत. आदर्श उपविधींनुसार सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड जमा करावयाचा असतो. हा विषय सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर यावा, असे पत्र सचिवांना द्यावे व पोच घ्यावी. सोसायटीची नोंदणीच झालेली नसेल, तर असा निधीही नसतो. तेथे पहिले काम नोंदणीचे.

मुलांचे दायित्व

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा, २००७ मध्ये ‘निर्वाह’ या संज्ञेत निवाराही येतो. उत्पन्न अपुरे असलेल्या पालकांना उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. निर्वाह रकमेची कमाल मर्यादा दरमहा दहा हजार रुपये आहे. दुरुस्तीच्या खर्चाच्या बदल्यात घर मुलांच्या नावे करून देणार असाल, तर सांभाळण्याची अट बक्षीसपत्रात लेखी असावी. तशी अट असल्यास, ती न पाळल्यावर कलम २३ अन्वये हस्तांतर रद्द करवून घेता येते.

इतरत्र काय आहे?

जपानमध्ये २००० पासून लागू असलेल्या दीर्घकालीन शुश्रूषा विम्यातून घरातील बदलांसाठी दोन लाख येनपर्यंतचा खर्च ग्राह्य धरला जातो व त्याचा छोटा हिस्साच लाभार्थ्याला भरावा लागतो. इंग्लंडमध्ये अपंगत्व असलेल्यांना याच कामासाठी ३० हजार पौंडांपर्यंत अनुदान मिळू शकते. सिंगापूरमध्ये सरकारी वसाहतींतील ज्येष्ठांच्या सदनिकांत आधारदांडे आणि न घसरणारी फरशी सवलतीत करून दिली जाते. आपल्याकडे काठी मिळते, खुर्ची मिळते. पण ती खुर्ची उंबरठा ओलांडून न्हाणीघरात जाईल, याची तरतूद कुटुंबालाच करावी लागते.

हाताशी ठेवावयाचे कागद

आधार कार्ड, वयाचा व उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, आधारशी जोडलेले बँक खाते, असल्यास अपंगत्व प्रमाणपत्र, घराचा करारनामा किंवा घरपट्टीचा उतारा, तसेच कामाचे लेखी अंदाजपत्रक. योजनांची माहिती किंवा मार्गदर्शन हवे असल्यास ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर, १४५६७ या क्रमांकावर, विनामूल्य संपर्क साधता येतो. अर्ज मंजूर होण्यास वेळ लागतो. तोवर न्हाणीघरातला आधारदांडा मात्र बसवून घ्यावा.