डॉपेलबॉक

जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील म्यूनिक शहरात विकसित झालेला तीव्र, गोडसर व माल्टप्रधान बिअरचा एक प्रकार. ‘डॉपेल’ म्हणजे दुहेरी. ‘बॉक’ या मूळच्याच जोरकस बिअरपेक्षा ही अधिक घन असल्यामुळे तिला हे नाव मिळाले. तथापि तिच्यात अल्कोहॉल दुप्पट असते, असा त्याचा अर्थ नाही. जर्मनीत रूढ असलेल्या निकषानुसार किण्वनापूर्वीच्या अर्कद्रवात वजनाने किमान १८% विद्राव्य पदार्थ, मुख्यतः माल्टमधील शर्करा, असावे लागतात. साध्या फिकट बिअरमध्ये हे प्रमाण ११–१२% असते. तयार डॉपेलबॉकमध्ये अल्कोहॉल घनफळाने साधारणतः ७–८% आढळते. हिची गोडी आज आस्वादाचा विषय मानली जात असली, तरी तिचा उगम मठातील उपवासांशी आणि अन्नाच्या गरजेशी निगडित आहे.

बॉकचे मूळ बव्हेरियात नसून उत्तर जर्मनीतील आइनबेक या गावी आहे. हे गाव हॅन्सिॲटिक संघाचे सदस्य होते व तेथील बिअर दूरवर निर्यात होई. तिच्या विक्रीची १३७८ मधील नोंद उपलब्ध आहे. बिअर तयार करण्याचा हक्क नागरिकांना असे आणि नगराच्या मालकीची कढई पाळीपाळीने घरोघर नेली जाई; ती आत नेता यावी म्हणून बांधलेल्या उंच कमानी जुन्या घरांना अद्यापि दिसतात. सोळाव्या शतकात म्यूनिकच्या राजदरबारात आइनबेकच्या बिअरला मोठी मागणी होती. या आयातीवर होणारा खर्च टाळण्यासाठी बव्हेरियाचा ड्यूक पहिला मॅक्सिमिलियन याने १६१४ च्या सुमारास आइनबेकचा कुशल कारागीर एलिआस पिख्लर याला म्यूनिकच्या दरबारी कारखान्यात आणविले. गावाच्या नावाचा बव्हेरियन उच्चार अपभ्रष्ट होत जाऊन त्यातून ‘बॉक’ हा शब्द रूढ झाला. जर्मन भाषेत त्याचा अर्थ बोकड असाही होत असल्याने या बिअरच्या बाटल्यांवर बोकडाचे चित्र आढळते.

डॉपेलबॉकचा उदय मात्र मठात झाला. इटलीतील संत फ्रान्सिस ऑफ पाओला (१४१६–१५०७) यांनी स्थापन केलेल्या मिनिम पंथाचे साधू, जर्मनीत ज्यांना ‘पाउलानेर’ म्हणतात, १६२७ मध्ये म्यूनिकलगतच्या आउ या वस्तीत आले. मांस, अंडी, दूध, लोणी व चीज यांचा आजन्म त्याग हे त्यांचे विशेष व्रत होते. ईस्टरपूर्वीच्या लेंट या उपवासकाळात बंधने आणखी कडक होत. परंतु द्रव पदार्थांनी उपवास मोडत नाही, असे चर्चच्या परंपरेत मानले जाई. साहजिकच धान्याचा कस ज्यात अधिकाधिक उतरला आहे, असे पेय या साधूंना अन्नाच्या जागी उपयोगी पडले. बिअरला ‘द्रवरूप भाकरी’ म्हणण्याची जर्मन प्रथा येथे जवळजवळ शब्दशः लागू पडते. आजच्या एक लिटर डॉपेलबॉकपासून सुमारे ७०० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. साधूंनी पोपच्या संमतीसाठी या बिअरचे पिंप रोमला पाठविले, ती प्रवासात आंबली आणि असले बेचव पेय पिणे ही तपश्चर्याच होय, असे समजून पोपने अनुमती दिली, अशी आख्यायिका सांगितली जाते.

मठाच्या बिअरनिर्मितीचा पहिला लेखी पुरावा ही एक तक्रार आहे. १६३४ मध्ये म्यूनिकच्या व्यावसायिकांनी साधूंच्या स्पर्धेविरुद्ध नगर परिषदेकडे दाद मागितली. पंथसंस्थापकाच्या २ एप्रिल या स्मृतिदिनासाठी साधू विशेष जोरकस बिअर तयार करीत. ‘पवित्र पित्याची बिअर’ या अर्थाच्या जर्मन नावावरून ‘साल्वाटोर’ (लॅटिन अर्थ तारणहार) हे नाव आले, असे मानतात. १७७० नंतरच्या दशकात ब्रदर बार्नाबास यांच्या देखरेखीखाली तिची कृती स्थिर झाली. १७८० मध्ये इलेक्टर कार्ल टेओडोर याने साधूंना खुल्या विक्रीची परवानगी दिली. १७९९ मध्ये मठ बंद झाला. पुढे फ्रान्झ क्साव्हर त्साखर्ल याने १८०६ मध्ये तेथील कारखाना भाडेपट्ट्याने घेतला व १८१३ मध्ये तो विकत घेतला. उपवासाचे पेय अशा रीतीने बाजाराचा माल बनले. इतर उत्पादकही आपल्या बिअरला ‘साल्वाटोर’ म्हणू लागले. १८९६ मध्ये या नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झाल्यावर त्यांना माघार घ्यावी लागली. तेव्हापासून ‘माक्सिमाटोर’, ‘ट्रिउम्फाटोर’, ‘ऑप्टिमाटोर’ यांसारखी ‘-आटोर’ या अंत्यपदाची नावे प्रचारात आली.

आस्वाद : गडद डॉपेलबॉकचा रंग तांबूस तपकिरी ते काळसर तपकिरी असतो, फिकट सोनेरी प्रकारही आहेत. प्रथम ताज्या भाजलेल्या पावाच्या कडेसारखा वास येतो; त्यामागून कॅरॅमल आणि कधीकधी मनुका वा सुकवलेल्या आलुबुखारासारखी छटा जाणवते. घोट जिभेला भरीव लागतो. हॉपचा कडवटपणा गोडीला तोलून धरण्यापुरताच असतो व शेवटी अल्कोहॉलाची सौम्य ऊब जाणवते. करपट चव, लोण्यासारखा वास किंवा पाकासारखा चिकट गोडवा हे दोष समजतात. बिअर अतिशय थंड असल्यास माल्टचे हे गुण झाकले जातात.

ही गोडी वरून साखर घालून आणलेली नसते. म्यूनिक माल्ट सुमारे १००° से. तापमानाला वाळविताना शर्करा व ॲमिनो अम्ले यांच्या विक्रियेतून रंग व खरपूस वास देणारी संयुगे निर्माण होतात. पारंपरिक पद्धतीत माल्टच्या लगद्याचा काही भाग वेगळा उकळून पुन्हा मूळ लगद्यात मिसळतात. त्यामुळे हे गुण वाढतात. नंतर तळाशी बसणाऱ्या यीस्टने थंड तापमानात किण्वन होते व अनेक आठवडे थंडीत साठवण केल्याने चव गोलसर होते.

आजची डॉपेलबॉक म्हणजे साधूंचीच बिअर, असे मात्र समजता येत नाही. एकोणिसाव्या शतकातील रासायनिक विश्लेषणांत साल्वाटोरमधील अल्कोहॉल आजच्यापेक्षा कमी व न आंबलेला अर्क अधिक आढळतो. म्हणजे ती अधिक गोड, दाट आणि पोषक, पण तुलनेने कमी मादक होती. १८७० नंतरच्या दशकात कार्ल फोन लिंडे याची शीतकयंत्रे म्यूनिकमध्ये आली आणि १८८३ मध्ये कोपनहेगन येथे एमिल क्रिस्टियन हान्सेन याने शुद्ध यीस्ट-संवर्धनाची पद्धत सिद्ध केली. किण्वन अधिक नियंत्रित व पूर्ण होऊ लागल्याने शर्करेचा मोठा हिस्सा अल्कोहॉलात रूपांतरित होऊ लागला. पोट भरण्यासाठी राखलेली गोडी अशा प्रकारे घटली व मादकता वाढली.

तरीही मूळ संदर्भ पूर्णपणे पुसला गेलेला नाही. म्यूनिकमध्ये ‘जोरकस बिअरचा हंगाम’ आजही लेंटच्या काळातच येतो. नॉकरबेर्ग येथील समारंभात पहिला पेला बव्हेरियाच्या मुख्यमंत्र्याला दिला जातो आणि त्याच मंचावरून उपस्थित राजकारण्यांची उघड टिंगल केली जाते. व्रताचे बंधन गेले. पण व्रताने ठरविलेला काळ व धान्याची गोडी एवढे या बिअरमध्ये टिकून राहिले आहे.